आमची वाटचाल : ट्रेडलपासून तुल्सापर्यंत

सासऱ्यांनी साताऱ्यात छापखाना काढला तो एका पायट्रेडलवर, म्हणजे पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर. मी लग्न होऊन आले आणि दुसऱ्याच महिन्यात आमच्या कंपोझिटर काकांनी माझ्या हातात अक्षरं जुळवायची लोखंडी स्टिक दिली. शेवटच्या खिळ्यावर, म्हणजे शिशाच्या अक्षरावर, डाव्या हाताचा अंगठा दाबून धरायचा, नाहीतर आख्खी ओळ पायावर सांडते. मराठीची केस, म्हणजे खिळ्यांची खणांची पेटी, हा जोडाक्षरांचा संसार. डोळे मिटून 'क्ष' कुठे, 'ज्ञ' कुठे हे हाताला कळायला मला वर्ष लागलं. ती स्टिक आजही माझ्या टेबलावर आहे.

पुढे डीटीपी, म्हणजे संगणकावरची अक्षरजुळणी, आलं, ट्रेडल गेली, पावतीपुस्तकं, लग्नपत्रिका आणि पतसंस्थांच्या अहवालांवर घर चाललं, २००३ पासून स्वतःची पुस्तकं काढू लागलो. त्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. सांगायचं आहे ते एका पुस्तकाबद्दल.

२०१८ मध्ये इतिहासाचे एक प्राध्यापक हस्तलिखित घेऊन आले. विषय अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांवर झालेली सामूहिक हिंसा. त्याआधी पुण्यातल्या एका मोठ्या प्रकाशनाने ते वर्षभर ठेवून घेतलं होतं आणि 'मराठी वाचकाला याचं काय' असं म्हणून परत केलं होतं. मी रात्री वाचायला घेतलं आणि पहाटे खाली ठेवलं. त्यात तीन छापखाने होते. १८९२ चं मेम्फिस : थॉमस मॉस आणि त्यांच्या साथीदारांनी भागीदारीत किराणा दुकान काढलं, समोरच्या गोऱ्या दुकानदाराचं गिऱ्हाईक तुटलं, आणि शेवटी तिघांना तुरुंगातून ओढून नेऊन मारलं. कृष्णवर्णीय पत्रकार आयडा वेल्स यांनी आपल्या वर्तमानपत्रात त्यावर लिहिलं, तर त्या गावाबाहेर असताना जमावाने त्यांचं कार्यालय फोडलं. १८९८ चं विल्मिंग्टन : अलेक्झांडर मॅनली यांच्या दैनिकाची इमारत जाळली आणि बंदुका घेतलेल्या लोकांनी तिच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतला. १९२१ चं तुल्सा : स्मिदरमन यांचं 'तुल्सा स्टार' हे वर्तमानपत्र वस्तीसकट राख झालं. केस उलटी पडून खिळे मिसळले तर ते पुन्हा लावायला आमचे आठ-आठ दिवस जायचे. जळालेल्या छापखान्यात शिशाचा नुसता गोळा उरतो, हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. सकाळी मी लेखकांना फोन करून 'करते' म्हणाले.

पुस्तकाचा गाभा तुल्साचा होता. ३१ मे आणि १ जून १९२१, ओक्लाहोमातली ग्रीनवुड वस्ती. हॉटेलं, नाट्यगृह, डॉक्टर, वकील, किराणा, शिंपी, सगळं कृष्णवर्णीयांचं स्वतःचं. डिक रोलंड नावाच्या एकोणीस वर्षांच्या पोरावर लिफ्टमध्ये एका गोऱ्या मुलीशी गैरवर्तन केल्याचा आरोप आला, संध्याकाळच्या पेपरात बातमी आली आणि रात्री कोर्टाबाहेर जमाव जमला. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पस्तीस ब्लॉक जळाले होते. बाराशेच्या वर घरं गेली. मृतांचा तेव्हाचा सरकारी आकडा ३६. पुढे अभ्यासकांचा अंदाज शंभर ते तीनशे.

आता शब्दाची गोष्ट. आमच्या वितरकाने मुखपृष्ठ बघून सांगितलं, "ताई, शीर्षकात 'दंगल' घाला. हत्याकांड म्हटलं की लोक पुस्तक हातात घेत नाहीत." मी नाही म्हटलं, आणि त्याचं कारण पुस्तकातच होतं. ग्रीनवुडच्या लोकांनी विम्याचे दावे लावले तेव्हा कंपन्यांनी पॉलिसीतलं कलम पुढे केलं : दंगलीत झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. रेडफर्न नावाच्या एका गोऱ्या मालकाच्याही इमारती तिथे जळाल्या होत्या. तोसुद्धा १९२६ मध्ये ओक्लाहोमाच्या सर्वोच्च न्यायालयात हरला. 'दंगल' या एका शब्दावर लोकांची आयुष्यभराची कमाई बुडाली. तो शब्द मी माझ्या खर्चाने मुखपृष्ठावर छापणार नव्हते. वितरकाने ऑर्डर तीनशेवरून साठ प्रतींवर आणली.

३२० पानं, म्हणजे सोळा-सोळा पानांचे वीस फर्मे, ७० जीएसएम मॅपलिथो कागद, अकराशे प्रती. कागदासाठी पाटल्या पतसंस्थेत तारण ठेवल्या. मार्च २०२० च्या शेवटच्या आठवड्यात प्रकाशन ठरलं होतं. टाळेबंदी लागली तेव्हा शिलाई झालेले, कव्हर न चढलेले गठ्ठे पुण्यात बाइंडरकडे होते आणि त्या पेठेला पत्रे ठोकलेले. २५ मेला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड यांचा जीव गेला. जूनमध्ये दिवसाला दहा-दहा फोन, "तुमचं ते पुस्तक आहे का?" पुस्तक होतं आणि देता येत नव्हतं. पावसाचं पाणी बाइंडरच्या गाळ्यात शिरलं, खालच्या थरातल्या एकशे ऐंशी प्रती फुगल्या. मी त्यातली एक घरी आणली. पानं पापडासारखी झाली होती, ग्रीनवुडच्या नकाशावर पिवळी वलयं. त्या रात्री मी मुलाला म्हणाले, गाळा विकून टाकू.

आणि जुलैमध्ये पुस्तक आलं, त्यांचं. ज्यांनी आमच्या लेखकांचं हस्तलिखित वर्षभर ठेवलं होतं त्यांचंच. ९६ पानं, शीर्षकात ठळक 'दंगल', मृतांचा आकडा ३६ असा ठोकून दिलेला, पुढे एक शब्द नाही. विम्याचा उल्लेखही नाही. प्रकरणांचा क्रम मात्र आमच्या लेखकांच्या हस्तलिखिताचा. वितरकाने त्यांचे गठ्ठे पुढे लावले आणि आमच्या साठ प्रती 'उठाव नाही' म्हणून माझ्याच खर्चाने परत पाठवल्या. लेखक म्हणाले, जाऊ द्या. मी जाऊ दिलं नाही, अजूनही दिलेलं नाही.

आम्हाला वाचवलं ते दीक्षाभूमीने. २०२२ च्या दसऱ्याला निर्बंधांनंतर पुन्हा पुरती गर्दी झाली आणि मी नागपूरला एक टेबल घेतलं. शेजारी 'गुलामगिरी'च्या गठ्ठ्यांचा स्टॉल. १८७३ मध्ये जोतीरावांनी ते पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केलं, ही अर्पणपत्रिका तिथल्या गिऱ्हाइकाला पाठ असते. १९४६ मध्ये बाबासाहेबांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहिलं होतं, हे मला टेबलासमोर उभ्या कॉलेजच्या मुलाने सांगितलं. दलित पँथर हे नाव अमेरिकेतल्या 'ब्लॅक पँथर'वरून आलं, ते तिथे सांगावं लागत नाही. 'मराठी वाचकाला याचं काय' म्हणणाऱ्यांनी एकदा त्या टेबलामागे उभं राहावं.

दुपारी भंडाऱ्याचे एक निवृत्त गुरुजी आले. मी नकाशाचं पान उघडून ठेवलं होतं. त्यांनी बोट ठेवून एकेक गल्ली वाचली आणि विचारलं, "भरपाई मिळाली का?" मी विम्याचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, "मग लोक गेले का तिथून?" मी त्यांना बी. सी. फ्रँकलिन यांचं पान काढून दिलं. जळालेल्या वस्तीत तंबू ठोकून या वकिलांनी कचेरी थाटली. शहराने अग्निरोधक बांधकामाची अट घालून लोकांना पुन्हा बांधूच द्यायचं नाही असा डाव टाकला होता, तो त्यांनी कोर्टात मोडून काढला. गुरुजींनी ते पान उभ्या उभ्या वाचलं आणि दहा प्रती बांधायला सांगितल्या. तेव्हापासून दर दसऱ्याला येतात, दहाच्या खाली घेत नाहीत, आणि पाच टक्क्यांवर सवलत मागत नाहीत. त्या दोन दिवसांत साडेतीनशे प्रती गेल्या. डिसेंबरात चैत्यभूमीला उरलेल्या गेल्या. पाटल्या परत आल्या.

नवीन प्रकाशकांना सांगते : प्रकाशन समारंभाच्या हारतुऱ्यांवर पैसे घालू नका, तेच नकाशावर आणि सूचीवर घाला. वितरकाला उधारीवर एकदम माल देऊ नका. बाइंडरकडचे गठ्ठे जमिनीवर नको, फळीवर ठेवायला सांगा, आणि स्वतः जाऊन बघा. स्टॉलवर पुस्तक मिटलेलं ठेवू नका. सुट्टे पैसे जवळ असू द्या.

तिसऱ्या आवृत्तीचे फर्मे या आठवड्यात छापून आले. गुरुजींनी दुसऱ्या आवृत्तीतल्या मुद्रणदोषांची यादी पोस्टकार्डावर पाठवली होती, एकोणीस जागा. विसावी जागा मला सापडली, विल्मिंग्टनच्या पानावर, 'छापखाना'मधला काना पडला होता. तो बसवला आहे.