पाण्याबाहेरची दहा मिनिटं

मुलगी पाण्यातून हसत बाहेर आली होती. हे आधीच सांगतो, नाहीतर ऐकणाऱ्याला वाटतं ती बुडत होती. बुडण्याचा इथे काही संबंध नाही, गोष्ट थंडीची आहे.

मी गोंदिया जिल्ह्यातल्या अर्जुनी मोरगाव तालुक्यात क्रीडाशिक्षक आहे. शाळेला स्विमिंग पूल नाही, पण गावाला मामा तलाव आहे. मामा म्हणजे माजी मालगुजारी, कोहळी समाजानं बांधलेला. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि सांडवा वाहता, म्हणून मुलांना उतरवत नाही. मग दिवाळीच्या सुट्ट्या, धानाची कापणी. निम्मी मुलं बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात. त्यामुळे आमचा सीझन सुरू होतो तो नेमका थंडीत. मालवणला चिवला किनाऱ्यावर डिसेंबरात सागरी जलतरण स्पर्धा असते. तिथलं पाणी कोमट, आणि त्यासाठी आम्ही इथे गारठ्यात सराव करतो. कोकणातला एक प्रशिक्षक हे ऐकून हसत सुटला होता. हसू दे.

त्या सकाळी हवा 9 अंश होती आणि पाणी 17. थर्मामीटर मी दोरीला बांधून सोडतो. पाळीवरून, म्हणजे तलावाच्या बांधावरून, जाणाऱ्यांना वाटतं, सर गळ टाकून बसले. जागतिक जलतरण संघटनेच्या खुल्या पाण्याच्या स्पर्धा 16 अंशांखाली घेतच नाहीत, म्हणजे आम्ही अगदी काठावर होतो. हवा 17 अंश असेल तर आपण स्वेटर घालून निवांत फिरतो. पाणी मात्र अंगातली ऊब हवेच्या जवळपास पंचवीसपट वेगानं ओढून घेतं.

सूर मारायचा नाही, हा पहिल्या दिवसाचा नियम. अंगावर एकदम गार पाणी आलं की आपसूक मोठी धाप लागते, आणि त्या क्षणी तोंड पाण्याखाली असेल तर पाणी थेट छातीत. म्हणून चालत उतरायचं, मानेवर, तोंडावर पाणी मारायचं आणि गळ्याइतक्या पाण्यात उभं राहून लांब श्वास सोडत राहायचं. दोन-तीन मिनिटांत धाप बसते, मग हात मारायचा. असं थोडा-थोडा वेळ पाच-सहा वेळा उतरलं की शरीर बरंच सरावतं. मुलांना हा भाग भलताच कंटाळवाणा वाटतो.

तलावाच्या एका अंगाला शिंगाड्याचे वेल, म्हणून पाळीलगतचं खोल पाणीच आम्हाला मोकळं. तेलाचे रिकामे कॅन बांधून हद्द केलेली. मासेमारी करणारे ढिवर काका डोंगा, म्हणजे छोटी होडी, घेऊन मुलांच्या बाजूनं चालतात. पंधरा मिनिटांनी मी शिट्टी मारली. सगळे वळले, आठवीतली ही मुलगी सोडून. तिनं आणखी एक फेरी मारली आणि काका डोंगा आडवा घालेपर्यंत थांबली नाही. अंगानं काडी, पण पाण्यात मोठ्या पोरांना ऐकत नाही. बाहेर आली तेव्हा हसत होती. ‘सर, थंडी वाजतच नाही,’ म्हणाली.

मला हे वाक्य आवडत नाही. मी तिला लगेच कपडे बदलायला पाठवलं. बाकीची मुलं कुडकुडत, दात वाजवत चहा पीत होती. त्यांची मला काळजी नव्हती. कुडकुडणं म्हणजे शरीर ऊब तयार करतंय. ही दहाएक मिनिटांनी आली ती स्वेटर उलटा घालून. बटणं लागत नव्हती. मैत्रिणीनं काही विचारलं तर उत्तर जिभेत अडकलं. मग सगळं अंग थाडथाड उडायला लागलं.

पाण्यातून बाहेर आलं की थंडी संपली, असं आपण धरून चालतो. तसं होत नाही. हातपाय, कातडी गार झालेली असते. आतली ऊब तिकडे ओढली जात राहते आणि हातापायांतलं थंड रक्त उलट आत येतं. बाहेर आल्यावरही अर्धा तास छाती-पोटाचं तापमान आणखी खाली जाऊ शकतं. पाण्यात ठणठणीत असलेलं पोर पाळीवर कोसळतं ते यामुळे.

तेवढ्यात चुरण्याला, म्हणजे धानाच्या मळणीला, निघालेली माणसं जमली. गावात कुणाला काही झालं की प्रत्येकाला काहीतरी करायचंच असतं. ‘आगीजवळ आना तिले,’ एक जण म्हणाला. दुसऱ्यानं तळपाय चोळायला घेतले. तिची आई धावत आली, म्हणाली, ‘सर, घरी आंधन ठेवलं आहे, कडक पान्यानं आंघोळ घालतो.’

मी तिघांनाही थांबवलं. आईला थांबवणं सगळ्यात कठीण. चोळलं, चालवलं किंवा कढत पाणी ओतलं की कातडीकडे रक्त धावतं आणि आतली घसरण वाढते, शुद्धही हरपू शकते. हे त्या वेळी समजावत बसण्यात अर्थ नव्हता. ‘बाई, तुम्ही हिला मांडीवर घ्या,’ एवढंच म्हणालो.

काकांनी न विचारता डोंग्यातली गोधडी आणली, स्वतः वाऱ्याच्या बाजूला उभे राहिले आणि लोकांना म्हणाले, ‘चालवू नोका गा तिले. बसू द्या.’ रात्री जाळी टाकणाऱ्या माणसाला हे कुणी शिकवलं असेल, देव जाणे. ओलं काहीच अंगावर नाही ना, ते आईनं पाहिलं. डोक्याला टोपी, खाली पोतं, वर गोधडी, छातीशी टॉवेलात गुंडाळलेली कोमट पाण्याची बाटली. नाव, वर्ग विचारला, सांगितलं. गिळता येतंय हे पाहून गुळाचा चहा, घोटघोट. मोटारसायकल तयार ठेवली होती. कुडकुडणं थांबलं आणि बोलणं आणखी बरळल्यासारखं झालं असतं, तर थेट दवाखाना.

तशी वेळ आली नाही. अर्ध्या तासानं उच्चार सुटे झाले. तासाभरानं तिनं पहिला प्रश्न विचारला, ‘सर, माझ्या फेऱ्या किती मोजल्या?’

आता अंगानं बारीक मुलं आधी बाहेर काढतो. हिला दहा मिनिटं, तिच्या धष्टपुष्ट भावाला वीस. कपडे बदलायची जागा पाळीच्या आडोशाला आणली, आणि बदलायला जोडीनंच जायचं. दहा मिनिटांवरून ती रोज भांडते. भाऊ तिच्यापेक्षा हळू पोहतो, हा तिचा मुद्दा, आणि तो खराच आहे.