कठड्याविना शर्यत

जुलै महिना लागला की आमच्या घरी रात्रीची जेवणे टीव्हीसमोर होतात, आणि त्याला कारण क्रिकेट नसून टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत असते. फ्रान्समध्ये संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास टप्पा संपतो तेव्हा आपल्याकडे नऊ वाजलेले असतात, त्यामुळे घाटातली शेवटची चढण नेमकी ताकभाताच्या वेळेला येते. २१ टप्पे, मध्ये विश्रांतीचे दोन दिवस आणि तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर, एवढा पसारा असलेल्या या शर्यतीत मला सायकलपटूंइतकेच कुतूहल रस्त्याच्या कडेला उभ्या असलेल्या लोकांचे वाटत आले आहे. इतक्या मोठ्या खेळाला स्टेडियम नाही, बहुतेक रस्त्यावर तिकीट नाही, आणि खेळाडू व प्रेक्षक यांच्यामध्ये अनेक ठिकाणी साधा दोरसुद्धा नाही. थकलेला खेळाडू धापा टाकत चढतो आहे आणि त्याच्या कानापासून वीतभर अंतरावर कोणी तरी ओरडतो आहे, हे दृश्य दुसऱ्या कोणत्या मोठ्या खेळात दिसते, मला आठवत नाही. या शर्यतीचे वैभव त्या जवळिकीत आहे आणि तिचे बरेचसे अपघातही त्या जवळिकीतूनच झालेले आहेत.

लोक पूर्वी सभ्य होते आणि आता मोबाइलमुळे बिघडले, असे म्हणण्याची पद्धत आहे. टूरचा इतिहास मात्र तसे सांगत नाही. १९०३ साली ‘लोतो’ या क्रीडा-दैनिकाचा खप वाढावा म्हणून संपादक आंरी देग्रांज यांनी ही शर्यत सुरू केली, आणि दुसऱ्याच वर्षी चाहत्यांनी ती जवळजवळ बुडवली. १९०४ मध्ये सेंत-एतियेन गावाजवळच्या घाटात रात्रीच्या अंधारात स्थानिक सायकलपटू आल्फ्रेद फोर पुढे निघून गेला आणि त्याच्या समर्थकांच्या जमावाने मागून येणाऱ्यांना, पहिल्या वर्षीचा विजेता मॉरिस गारँ याच्यासह, काठ्यांनी आणि दगडांनी झोडपले. जमाव पांगवण्यासाठी अधिकाऱ्यांना पिस्तुलाचे बार काढावे लागले. पुढे नीम शहरातही तसाच राडा झाला. शर्यतीत फसवणूकही इतकी झाली होती की काही महिन्यांनी पहिल्या चारही जणांना बाद करण्यात आले आणि विशीही न गाठलेल्या आंरी कोर्ने याला विजेता ठरवण्यात आले. हे सर्व पाहून देग्रांज यांना ही दुसरी शर्यत शेवटचीच ठरणार असे वाटले होते. म्हणजे गर्दीचा त्रास हा टूरला जन्मापासूनच लागलेला आहे.

१९७५ सालची गोष्ट याहून गंभीर आहे, कारण तिच्यात एकट्या माणसाचा ठोसा आहे. बेल्जियमचा एडी मर्क्स पाच वेळा टूर जिंकलेला, सहाव्या विजयाच्या मार्गावर, एकूण वेळेत आघाडीवर असलेल्याला मिळणाऱ्या पिवळ्या जर्सीत पुई-द-दोम हा ज्वालामुखीचा डोंगर चढत होता. माथा जवळ आलेला असताना कडेच्या एका प्रेक्षकाने पुढे सरून त्याच्या पोटात बुक्की मारली. मर्क्सने टप्पा पूर्ण केला, मग तो स्वतः खाली परत आला आणि त्याने त्या माणसाला ओळखून दाखवले. त्यानंतरच्या टप्प्यात, प्रा-लूच्या चढणीवर, पिवळी जर्सी बर्नार तेव्हने याच्याकडे गेली आणि मर्क्सला ती पुन्हा कधीही मिळाली नाही. त्या बुक्कीमुळेच तो हरला असे म्हणणे मला अतिशयोक्त वाटते, कारण त्या वर्षी तेव्हने खरोखरच बलवान होता. पण सतत जिंकणाऱ्या परदेशी माणसाबद्दल कडेला किती राग साचलेला होता, ते त्या बुक्कीवरून कळते.

कारण फ्रेंच प्रेक्षकाला जिंकणारा माणूस आदरणीय वाटतो, पण जीव तो हरणाऱ्यावर लावतो. १९५७ ते १९६४ या काळात जाक आंकतील पाच वेळा टूर जिंकला, आणि देशाचे प्रेम मात्र रेमों पुलिदोर या शेतकरी घरातल्या सायकलपटूला मिळाले, ज्याने तीन वेळा दुसरा आणि पाच वेळा तिसरा क्रमांक मिळवला व एक दिवसही पिवळी जर्सी घातली नाही. १९६४ मध्ये याच पुई-द-दोमवर दोघे खांद्याला खांदा लावून चढले, पुलिदोरने शेवटी आंकतीलला मागे टाकले, आणि तरीही आंकतीलची जर्सी अवघ्या १४ सेकंदांनी वाचली. पुढे २०२१ मध्ये पुलिदोरचा नातू मातिउ फान दर पूल याने टूरच्या दुसऱ्याच दिवशी पिवळी जर्सी मिळवली, तेव्हा आजोबांना जाऊन दीड वर्ष उलटले होते.

आमच्या पिढीचा पुलिदोर म्हणजे तिबो पिनो. २०१९ मध्ये त्याने तूर्माले घाटावर विजय मिळवला, अनेक वर्षांनी फ्रेंच माणूस टूर जिंकेल अशी आशा निर्माण केली, आणि पॅरिस दोन दिवसांवर असताना मांडीच्या दुखापतीने रडत शर्यत सोडली. २०२३ च्या त्याच्या शेवटच्या टूरमध्ये, उपान्त्य टप्प्यावर, शर्यत त्याच्या घरापासून जवळच्या व्होझ डोंगरांत होती. पती बालों घाटातल्या एका वळणावर त्याच्या चाहत्यांनी ठाण मांडले होते, आणि पिनो तिथे एकटा, सर्वांच्या पुढे पोहोचला. रस्ता दिसेनासा झाला होता. धूर, झेंडे आणि माणसांच्या मधून तो सायकलभर रुंदीच्या फटीतून गेला. नंतर त्याला मागच्यांनी गाठले आणि टप्पा तादेय पोगाचारने जिंकला. पण त्या दिवसाचा विषय निघाला की पोगाचारचे नाव कोणी काढत नाही.

मी स्वतः हा प्रकार कडेला उभा राहून पाहिला तो २०२२ मध्ये, १४ जुलैला, फ्रान्सच्या राष्ट्रीय दिनी, आल्प द्युएझच्या घाटात. भाचा तेव्हा ग्रेनोबलला शिकत होता, आणि “मामा, गाडी विसरा, चालावे लागेल,” असे त्याने आधीच बजावले होते. पायथ्याच्या बूर-द्वाझां गावातून आम्ही सकाळीच निघालो. या घाटाला २१ वळणे आहेत आणि त्यांचे आकडे उलटे, म्हणजे खालून २१ पासून वर १ पर्यंत लावलेले आहेत. प्रत्येक वळणावर इथे जिंकलेल्यांच्या नावाची पाटी असते. १९५२ मध्ये पहिल्यांदा जिंकलेल्या फाउस्तो कोप्पीचे नाव सर्वांत खालच्या वळणावर आहे, आणि विजेते वळणांपेक्षा जास्त झाल्यामुळे आता एकेका पाटीवर दोन नावे मावलेली आहेत. सातव्या वळणावर, चर्चजवळ, नेदरलँड्सच्या लोकांचा नारंगी अड्डा असतो, कारण १९७६ ते १९८९ या काळात त्यांच्या सायकलपटूंनी इथे आठ विजय मिळवले. ते विजय पाहायला जन्मलेलेही नसावेत अशी मुले आजही तिथे पहाटेपासून ढोल बडवत असतात. आम्ही तिथवर गेलोच नाही. पहिले दोन किलोमीटर सर्वांत खडे आहेत, तिथे सायकलींचा वेग कमी होतो आणि चेहरे नीट दिसतात, म्हणून ला गार्द या वस्तीच्या अलीकडेच एका दगडी कठड्यावर बसलो.

शेजारी एक डॅनिश कुटुंब होते, आणि त्यांच्या आनंदाला सीमा नव्हती. त्या वर्षीची शर्यत कोपनहेगनहून सुटली होती आणि आदल्याच दिवशी त्यांच्या योनास व्हिंगेगोर याने पिवळी जर्सी मिळवली होती. पलीकडे एक वृद्ध फ्रेंच गृहस्थ घडीच्या खुर्चीवर बसले होते. त्यांच्या मांडीवर वर्तमानपत्रातली सायकलपटूंच्या क्रमांकांची यादी, हातात पेन्सिल आणि पायाशी ट्रान्झिस्टर होता. गर्दीमुळे मोबाइलचे जाळे कोलमडलेले असल्याने दुपारपर्यंत तो ट्रान्झिस्टर आमच्या साऱ्या वळणाचा झाला. पुढच्या गटात कोण आहे, गालिबिए घाटाच्या उतारावर कोण निसटले, हे ते ऐकत, मोठ्याने सांगत, आणि भाचा मला मराठीत सांगे.

सायकली येण्याच्या सुमारे दोन तास आधी जाहिरातींचा ताफा आला. याची सुरुवात १९३० मधली. देग्रांज यांनी त्या वर्षी कंपन्यांचे संघ काढून राष्ट्रीय संघ आणले, त्यांच्या राहण्या-खाण्याचा खर्च अंगावर आला, आणि तो भागवण्यासाठी कंपन्यांना पैसे घेऊन शर्यतीपुढे गाड्या पळवू दिल्या. आता त्या गाड्यांवरून टोप्या, किल्ल्यांच्या साखळ्या, सॉसेजची छोटी पाकिटे उधळली जातात, आणि एरवी गंभीर चेहऱ्याची प्रौढ माणसे त्यांवर तुटून पडतात. मीही एक ठिपक्यांची टोपी एका लहान मुलाच्या आधी उचलली, आणि बायकोच्या नजरेमुळे त्याला देऊन टाकली.

मग आधी हेलिकॉप्टरचा आवाज येतो. त्यानंतर पोलिसांच्या मोटारसायकली, लाल गाड्या, आणि खालच्या वळणावरून वर सरकत येणारी आरोळी. तो टप्पा पुढे जिंकणारा ब्रिटिश सायकलपटू टॉम पिडकॉक आला तेव्हा मला प्रथम त्याच्या दंडावरून कोपरापर्यंत ओघळून वाळलेल्या घामाचे मिठासारखे पांढरे ओघळ दिसले, मग चेहरा, आणि मग पाठ. सारे मिळून दहा सेकंद असतील. दिवसभर उन्हात बसून एवढेच मिळते, आणि घाट सोडून सपाटीवर उभे राहिले तर तेवढेही नाही.

त्या दिवशी मला सर्वांत जास्त आठवते ते क्रिस फ्रूमचे जाणे. चार वेळा टूर जिंकलेल्या या माणसाला याच घाटात २०१८ मध्ये हुर्यो मिळाली होती आणि एकाने त्याला ढकलण्याचा प्रयत्न केला होता. २०१५ मध्ये तर त्याच्या अंगावर मूत्र फेकण्यात आले होते. २०१९ च्या भीषण अपघातानंतर तो पूर्वीचा फ्रूम राहिला नाही. २०२२ मध्ये तो आमच्या समोरून धडपडत गेला आणि पुढे त्या टप्प्यात तिसरा आला. आमच्या वळणावर त्याच्यासाठी पिडकॉकपेक्षा जास्त टाळ्या वाजल्या. हरण्याची पात्रता आली की फ्रेंच माणूस तुम्हाला आपला म्हणतो. पूर्वीच्या हुर्योबद्दल कोणाला लाज वाटत होती असे मात्र मला दिसले नाही.

आघाडीचे गेल्यावर अर्धे लोक उठले, पण ते वृद्ध गृहस्थ उठले नाहीत. सपाटीवर वेगाने पळणारे धिप्पाड सायकलपटू घाटात मागे पडतात आणि ठरलेल्या वेळेच्या आत पोहोचण्यापुरता एक गट करून चढतात. त्यांचा चेहरा वेदनेचा कमी आणि कारकुनाचा जास्त असतो, आणि मधूनच एखादा कडेच्या माणसाकडून पाण्याची बाटली घेऊन हसतोही. पाठीवर हात ठेवून ढकलण्यास नियमाने बंदी आहे आणि त्याचा दंड सायकलपटूला होतो, तरीही हात पुढे येतातच. गृहस्थ प्रत्येक क्रमांकापुढे खूण करत होते. सर्वांत शेवटी शर्यत सोडणाऱ्यांना उचलणारी ‘झाडूगाडी’ जाते, ती १९१० पासून आहे. ती गेल्यावरच त्यांनी ट्रान्झिस्टर बंद केला. माझ्या मते टूरचा खरा चाहता हाच.

दुसऱ्या टोकाला कॅमेऱ्यात दिसण्यासाठी येणारा माणूस आहे. २०२१ मध्ये पहिल्याच दिवशी ब्रिटनी प्रांतात एका महिलेने आजी-आजोबांसाठी लिहिलेला पुठ्ठा टीव्हीच्या कॅमेऱ्याकडे धरला, शर्यतीकडे पाठ केली, आणि टोनी मार्टिन त्यावर आदळून मागचा जवळजवळ सगळा घोळका कोसळला. न्यायालयाने तिला १,२०० युरो दंड केला. समाजमाध्यमांवर तिच्यामागे जी झुंड लागली ती मला त्या पुठ्ठ्याइतकीच ओंगळ वाटली. याउलट डिडी झेन्फ्ट हा जर्मन गृहस्थ १९९३ पासून लाल सैतानाच्या वेषात, त्रिशूळ घेऊन सायकलींच्या बाजूने उड्या मारत धावत आला आहे. हौस तीच, पण तो पुढे पाहून धावतो.

गर्दी आवरण्याचे काम आयोजकांचे आहे, हेही विसरून चालणार नाही. २०१६ मध्ये मों व्हांतूच्या माथ्यावर वारा इतका होता की टप्प्याचा शेवट सहा किलोमीटर खाली, शाले रेनार येथे आणावा लागला. वर पसरायची ती गर्दी खाली दाटली, लोखंडी कठडे पुरेसे लावता आले नाहीत, पुढची मोटारसायकल माणसांत अडकली आणि रिची पोर्ट तिच्यावर आदळला. मागोमाग पडलेल्या फ्रूमची सायकल मोडली, आणि पिवळ्या जर्सीतला माणूस घाटातून पायी पळत सुटला. पंचांनी नंतर वेळ दुरुस्त करून त्याची जर्सी राखली. असे काही झाले की सगळा घाट कठड्यांनी बंद करा अशी मागणी होते. शेवटचे काही किलोमीटर आजही बंद असतातच. त्याहून अधिक मला नको आहेत, कारण मग त्या पेन्सिलवाल्या गृहस्थांना आपली खुर्ची कुठे मांडता येणार?

आपल्याकडे मुंबई–पुणे सायकल शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात, आणि टूरमध्येही १९३३ पासून असा राजा निवडला जातो, त्यामुळे घाटात उभे राहणे आपल्याला अगदीच नवे नाही. फ्रान्सला जाणार असाल तर खड्या चढणीवर, वळणाच्या आतल्या बाजूला नव्हे तर बाहेरच्या बाजूला जागा धरावी, रस्ता सकाळीच बंद होतो हे ध्यानात ठेवावे, पाणी आणि टोपी स्वतःची न्यावी, व्हिडिओ काढायचाच असेल तर फक्त मागे पडलेल्या गटाचा काढावा, आणि झाडूगाडी जाईपर्यंत उठू नये.