एच-इंडेक्स विचारण्याआधी

पुण्यातील एका वैद्यकीय संस्थेच्या ग्रंथालयात बढतीच्या अर्जांचे दिवस आले की संशोधकांच्या शोधनिबंधांच्या याद्या पडताळण्याचे काम माझ्याकडे येते. अर्जाच्या पहिल्याच पानावर एच-इंडेक्स लिहावा लागतो आणि बहुतेकांची नजर तिथेच थांबते. माझ्या मते हा आकडा शेवटच्या पानावर असायला हवा.

भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये सुचवलेला हा निर्देशांक काढायला सोपा आहे: ज्यांचा प्रत्येकी किमान तितक्याच वेळा इतर निबंधांत उल्लेख, म्हणजे सायटेशन, झाला आहे असे जास्तीत जास्त निबंध किती, हा तो आकडा. एखाद्याच्या सहा निबंधांना अनुक्रमे १२०, ४०, ९, ६, ५ आणि ३ सायटेशन असतील, तर किमान पाच सायटेशन असलेले निबंध पाच, म्हणून एच-इंडेक्स ५. पहिल्या निबंधाला १२० ऐवजी १,२०० सायटेशन मिळाली असती, तरी उत्तर पाचच आले असते.

मुळात त्या निबंधांचा धनी नेमका कोण, हेच आधी ठरवावे लागते. ‘कुलकर्णी एस’ असे पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय निबंधांच्या ऑनलाइन सूचीत, शोधले, तर शल्यचिकित्सकापासून सूक्ष्मजीवशास्त्रज्ञापर्यंत सगळे कुलकर्णी एका रांगेत येऊन उभे राहतात. लग्नानंतर आडनाव बदललेल्या संशोधिकेची कारकीर्द दोन नावांत विभागली जाते आणि दोन्हीकडचे आकडे कमी दिसतात. प्रत्येक संशोधकाला स्वतंत्र ओळख देणारा ऑर्किडचा सोळा अंकी क्रमांक यासाठीच आहे, पण तो अर्जाच्या आदल्या रात्री काढून भागत नाही; जुने निबंध त्याला एकेक करून जोडावे लागतात. त्यातही गूगल स्कॉलर प्रबंध आणि प्रीप्रिंटमधील (तज्ज्ञांच्या परीक्षणाआधीच प्रसिद्ध केलेल्या मसुद्यांतील) उल्लेखही धरत असल्याने त्याचा आकडा स्कोपस या निवडक नियतकालिकांच्या सूचीपेक्षा बहुधा मोठा येतो, आणि अर्जात कोणता येतो हे सांगायला नकोच.

बरे, सायटेशन म्हणजे शाबासकी असेही नाही. प्रथिनांचे प्रमाण मोजण्याची पद्धत सांगणाऱ्या लॉरी आणि सहकाऱ्यांच्या १९५१ च्या निबंधाचा उल्लेख तीन लाखांहून अधिक वेळा झाला आहे, कारण या पद्धतीने परीक्षानळीत निळा रंग आणून प्रथिने मोजणाऱ्या प्रत्येकाला तिचा दाखला द्यावा लागतो. उलट, गोवराच्या लशीचा संबंध स्वमग्नतेशी सुचवणारा वेकफील्ड यांचा १९९८ चा निबंध ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने २०१० मध्ये मागे घेतला, तरी त्याची सायटेशन भरपूर आहेत आणि त्यांतील बरीचशी तो खोडून काढणारी आहेत. मोजणाऱ्या यंत्राला दोन्ही सारखीच.

विषय किती जणांचा आहे, यावरही बरेच अवलंबून असते. माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यात सापडला आणि तो ओळखण्यात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राचा, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचा (एनआयव्ही), मोठा वाटा होता. गोचिडांमार्फत पसरणारा हा आजार पश्चिम घाटाबाहेर फारसा नाही. त्यामुळे त्यावर लिहिणारे मोजके आणि उल्लेख करणारेही मोजकेच. कर्करोगावरील निबंधाशी त्याची संख्येत तुलना करणे अन्यायाचे आहे. दुसऱ्या टोकाला, कोणत्या आजाराचा जगावर किती भार आहे हे मोजणाऱ्या, शेकडो लेखकांच्या जागतिक आजारभाराच्या निबंधांत नाव असले की काही वर्षांत हजारो सायटेशन जमतात. त्यात अर्जदाराचे काम किती, हे मात्र आकड्यातून कळत नाही.

पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचा २००४ चा ‘लॅन्सेट’मधील एक छोटासा लेख मी नव्या सहकाऱ्यांना मुद्दाम दाखवते. त्यात ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र आहे: दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक) २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. भारतीयांच्या मधुमेहाविषयीचा एवढा मोठा प्रश्न इतक्या थोडक्यात मांडलेला निबंध एच-इंडेक्समध्ये फार तर एकाची भर घालतो.

इम्पॅक्ट फॅक्टर हा तर नियतकालिकाच्या दोन वर्षांच्या मजकुराला मिळालेल्या सायटेशनचा सरासरी आकडा. त्यावरून माणसाची पारख करू नये, असे संशोधनाच्या मूल्यमापनाविषयीच्या ‘डोरा’ या आंतरराष्ट्रीय जाहीरनाम्याने २०१३ मध्येच सांगितले. म्हणून अर्जदारांना मी सुचवते की आपले पाच निबंध निवडावेत आणि प्रत्येकाखाली दोन ओळींत लिहावे: त्यातले आपले काम कोणते आणि पुढे ते कोणी कशासाठी वापरले. छापील अर्जात त्यासाठी रकाना नसल्याने हे पान सध्या जोडपत्र म्हणून लावावे लागते.