टीसी लावला म्हणून फ्लेमिंगो जवळ येत नाही

रविवारी सकाळी सीवूड्सला टीएस चाणक्यच्या पाणथळीवर उभा होतो, बाजूला कॉलेजातला एक मुलगा, कॅमेऱ्याला ७०-३०० मिमीची लेन्स लावलेली, त्याने माझ्या लेन्सच्या मागे अडकवलेला तो जाड कड्यासारखा तुकडा, म्हणजे टेलीकन्व्हर्टर किंवा टीसी, बघितला आणि विचारलं, "काका, हा टूएक्स आहे का? मला पण घ्यायचाय, इथे सगळं लांबच पडतं हो." मी सांगायला सुरुवात केली तेवढ्यात थवा उठला, दोघांनीही डोळा व्ह्यूफाइंडरला लावला आणि बोलणं अर्धं राहिलं. म्हणून इथे नीट लिहितो, त्याच्यासारखे बरेच जण असणार.

माझ्याकडे टूएक्स, म्हणजे चित्र दुप्पट मोठं करणारा, नाही, १.४ पट करणारा आहे, निकॉनचा टीसी-१४ई थ्री, डी७२०० कॅमेरा आणि २००-५०० मिमीच्या लेन्सच्या मध्ये बसतो. टेलीकन्व्हर्टर म्हणजे बॉडी आणि लेन्सच्या मध्ये बसणारी काचांची छोटी नळी. लेन्स जे चित्र बनवते त्याचा मधला भाग ती मोठा करून सेन्सरवर टाकते, बस. ५०० चे ७०० होतात, पण तेवढाच उजेड मोठ्या जागेवर पसरतो म्हणून एक स्टॉप जातो, म्हणजे उजेड निम्मा होतो, एफ/५.६ ची लेन्स एफ/८ होते (एफचा आकडा वाढला की उजेड कमी). टूएक्सला दोन स्टॉप जातात, म्हणजे थेट एफ/११. आणि लेन्समध्ये जो काही मऊपणा, म्हणजे धूसरपणा, असेल, कडांना जांभळी रेघ येत असेल, तेही सोबत मोठं होतं. हे शेवटचं दुकानात कोणी सांगत नाही.

एफ/८ म्हणजे काय ते कागदावर कळत नाही, सकाळी साडेसहाला कळतं. माझ्या डी७२०० मध्ये ५१ फोकस पॉइंट आहेत पण एफ/८ वर त्यातला फक्त मधला एकच चालतो, उडता पक्षी त्या एका ठिपक्यावर धरून ठेवायचा, आणि शटर १/१००० सेकंद ठेवायचं तर आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, कुठच्या कुठे वाढवावी लागते. मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्या वाल्यांचं हे दुखणं बरंच कमी झालंय, त्यांचा ऑटोफोकस सेन्सरवरच होतो त्यामुळे एफ/११ ला पण बऱ्याच बॉड्या चालतात. पण गेलेला उजेड त्यांचाही परत येत नाही.

मग क्रॉप का नाही करायचं? मलाही हाच प्रश्न पडला होता, म्हणून एका रविवारी ऐरोलीत गच्चीवर ट्रायपॉड लावला, समोरच्या बिल्डिंगच्या पाण्याच्या टाकीवर फोकस केला, व्हीआर (लेन्समधली हादरे कमी करणारी सोय) बंद, एकदा नुसती लेन्स आणि एकदा टीसी लावून. २४ मेगापिक्सेलचा फोटो १.४ ने क्रॉप केला की १२ उरतात, टीसी लावून पूर्ण २४ मिळतात. एफ/८ ला दोन्ही जवळपास सारखेच वाटले, खरं सांगतो, फरक शोधावा लागला. एफ/११ ला मात्र टाकीच्या प्लास्टरमधली केसाएवढी चीर टीसीवाल्या फोटोत स्वच्छ दिसत होती आणि क्रॉपमध्ये ती नुसती करडी रेघ होती. म्हणजे फायदा आहे, पण उजेड भरपूर हवा, हात स्थिर हवा आणि मुळात लेन्स चांगली हवी.

आणि हवा. हा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ऐरोलीहून बोटीने खाडीत गेलात, दहा वाजून गेले की ओहोटीच्या उघड्या चिखलावर हवा अशी थरथरते की लांबचा थवा पाण्यात विरघळल्यासारखा दिसतो. तिथे ७०० लावा नाहीतर १००० लावा, तुम्ही ती थरथरच मोठी करताय. फोटो मऊ आला की लोक टीसीला शिव्या घालतात, त्याची काही चूक नसते.

लांबचं जवळ आणायला भरती-ओहोटीचं टेबल बघायचं असतं. ओहोटीला फ्लेमिंगो खाडीच्या चिखलावर चरत पांगलेले असतात, भरती चढली आणि चिखल बुडला की तेच थवे सीवूड्स-नेरुळच्या तलावांवर येऊन उभे राहतात. भरतीच्या तासभर आधी येऊन गप्प बसा, ते स्वतःहून येतात. त्यांच्याकडे चालत गेलात की अख्खा थवा उडतो, तेवढी त्यांची ताकद वाया जाते, आणि ते बघून मला खरंच राग येतो. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य केलं, २०२२ मध्ये रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळीचा, दर्जा मिळाला, तरी बांधावरून खाली उतरणारे उतरतातच. माझ्या मते टीसीचा खरा उपयोग हाच आहे, पक्षी आधीच बऱ्यापैकी जवळ आहे आणि आपल्याला एक पाऊलही पुढे टाकायचं नाहीये. तेव्हा लेसर (लहान) फ्लेमिंगोची ती गडद लाल, जवळजवळ काळपट चोच आणि शेजारच्या ग्रेटरची (मोठ्या फ्लेमिंगोची) गुलाबी चोच, फक्त टोकाला काळी, हा फरक फ्रेममध्ये भरून येतो.

त्या मुलाच्या ७०-३०० ला माझा टीसी बसणारच नाही. टीसीची पुढची काच बाहेर आलेली असते, ती लेन्सच्या मागच्या काचेवर आपटू नये म्हणून रिंगलाच एक आडकाठी दिलेली असते. ती घासून काढायचे उद्योग करू नका. घेण्याआधी आपली लेन्स कंपनीच्या यादीत आहे का ते बघा. पुढून फिल्टरसारखी स्क्रू करायची टेली लेन्स मिळते तीही मी एकदा घेतली होती, दुकानदाराने फार कौतुक केलं होतं, चारही कोपरे काळे आणि प्रत्येक फांदीला जांभळी किनार. पैसे वाया.

एक गोष्ट मात्र मला उशिरा कळली. टीसी लावला तरी लेन्सचं सगळ्यात जवळचं फोकस बदलत नाही, माझ्या २००-५०० चं २.२ मीटर आहे ते तेवढंच राहतं, पण चित्र १.४ पट मोठं मिळतं. गेल्या महिन्यात तिवरांच्या कडेला ओहोटीला बसलो होतो, फ्लेमिंगो कुठेच नव्हते, आणि समोर चिखलात एक निवटी, चिखलावर सरकणारा छोटा मासा, बिळातून वर आली. जेमतेम अडीच मीटरवर. ७०० ला तिचे डोक्यावरचे दोन फुगीर डोळे, गालाला चिकटलेला ओला चिखल, आणि पाठीवरचा पंख तिने उभारला तेव्हा त्यावरचे निळसर ठिपके, एकेक मोजता येत होता.