फिरणं चालू ठेवा, पण भाजीची पिशवी त्यांच्याच हातात द्या

आमच्या सोसायटीतल्या साठीपुढच्या कुणालाही विचारा, व्यायाम करता का, उत्तर ठरलेलं. "हो, रोज फिरायला जातो की!" आणि खरंच जातात हो, पावसाळ्यात पार्किंगमध्ये फेऱ्या मारतील पण चुकवणार नाहीत. म्हणून "नुसतं फिरणं पुरत नाही" म्हटलं की चेहरे पडतात, आमच्या सासूबाईंचा तर चांगलाच पडला होता. फिरून हृदयाला फायदा, शुगरला फायदा, झोप छान, मैत्रिणी भेटतात, सगळं मान्य. पण मांड्यांमधली ताकद आणि मणक्याचं हाड या दोन गोष्टींचं सपाट रस्त्यावर गप्पा मारत चालून फारसं काही होत नाही.

आई (म्हणजे याच सासूबाई) ७१च्या. शुगर नाही, गुडघे बरे, सगळ्यांना वाटायचं एकदम फिट. पण एका मुंजीला हॉलमधल्या त्या बुटक्या गुबगुबीत सोफ्यावरून त्यांना उठताच येईना, दोनदा झोके घेतले आणि मग हसत माझा हात धरला. मग तपासण्या झाल्या, हाडांची डेक्सा (हाडं किती भरीव आहेत ते मोजणारा एक्स-रे) केली, मणक्याचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.१. (उणे १ ते उणे २.५च्या मधे असला तर हाडं विरळ व्हायला लागलीत, उणे २.५ किंवा त्याखाली गेला तर ऑस्टिओपोरोसिस.) डॉक्टरांनी ड जीवनसत्त्व, कॅल्शियम लिहून दिलं आणि फिजिओकडे पाठवलं.

फिजिओ मुलगी एकदम चुणचुणीत. तिने बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवली, म्हणाली आजी, हात छातीवर घडी घालून ठेवा आणि ३० सेकंदांत जमेल तितक्या वेळा पूर्ण उभं राहून परत बसा. ७० ते ७४ वयाच्या बाईला १० वेळासुद्धा जमलं नाही तर कमी समजतात, त्याच वयाच्या पुरुषांना १२ तरी जमायला हवं. आईंचं दहाच्या बरंच आत राहिलं. रोज तलावाला दोन-दोन चकरा मारणारी बाई!

होतं असं की स्नायू तिशी-चाळिशीनंतर हळूहळू कमी व्हायला लागतात आणि साठीनंतर वेग वाढतो. बायकांचं पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटतं तशी पहिली काही वर्षं हाडंही भराभर झिजतात. आणि हाड म्हणजे पक्का वाणी, ज्या मालाला गिऱ्हाईक नाही तो दुकानात ठेवतच नाही. स्नायूंनी ओढलं, वजन पडलं, दणका बसला की हाडातल्या पेशींना कळतं की इथे मजबुती लागणारे, नाहीतर असलेलंही हळूहळू जातं. अंतराळवीरांचं बघा ना, चांगली धडधाकट निवडून घेतलेली माणसं, पण वर अंगावर वजनच पडत नाही म्हणून खुब्याच्या भागातलं हाड महिन्याला साधारण १ ते १.५ टक्का कमी होतं.

आपल्या घरातले ज्येष्ठ काही अंतराळात नसतात, पण आपण काय करतो? "आई तुम्ही बसा, मी आणते." "बाबा, सिलेंडरला हात लावू नका." "पिठाचा डबा मी उचलते ना, तुम्ही कशाला." भाजीची पिशवी हातातून काढून घ्यायची, खाली पडलेला चमचा आपणच पटकन उचलायचा. प्रेमच असतं ते, पण त्या प्रेमापोटी आपण त्यांच्या अंगावरचं एकेक वजन काढून घेतो. त्यातच जेवायला डायनिंग टेबल, संडासाला कमोड, दुसऱ्या मजल्यालाही लिफ्ट. जमिनीवरून उठायची वेळच येत नाही दिवसभरात! आईंचं माहेर वाईजवळच्या एका गावातलं, विहिरीचं पाणी शेंदणं, कळशी कमरेवर घेऊन चढ चढणं, जात्यावर बसणं हे सगळं त्यांनी केलंय. त्याचं उगाच कौतुक करायचं नाहीये मला, त्यांच्या आईची कंबर त्याच कामांनी आणि एकामागून एक बाळंतपणांनी चाळिशीतच धरली होती, कुणाला परत जातं आणायचंय? पण त्या जागी दुसरं काहीतरी यायला हवं होतं ते आलंच नाही.

आणि आता या वयात काय होणार असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी एक जुना अभ्यास सांगते. १९९० साली बोस्टनमध्ये एका वृद्धांच्या संस्थेतल्या, सरासरी ९० वर्षं वयाच्या (हो, नव्वद!) दहा जणांकडून पायांचा जड वजनाचा व्यायाम करून घेतला, फक्त आठ आठवडे. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. मग बंद केल्यावर चार आठवड्यांत त्यातली बरीच उतरलीसुद्धा, म्हणजे हे कायमचंच काम आहे हेही कळलं. हाडांबाबत ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या बायकांवर प्रयोग झाला, आठवड्यातून दोनदा अर्धा तास, डेडलिफ्ट (जमिनीवरचं वजन उचलून उभं राहणं), स्क्वॉट (वजन घेऊन उठबस) असं चक्क जड वजन. आठ महिन्यांत कमरेच्या मणक्याची घनता २.९ टक्के वाढली, आणि घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. फक्त हे सगळं तज्ज्ञ शेजारी उभं राहून, हळूहळू वजन वाढवत झालं होतं, व्हिडिओ बघून उद्या सकाळी कुणी आईच्या हातात बारबेल देऊ नका प्लीज.

जागतिक आरोग्य संघटना पण ६५च्या पुढच्यांना नुसतं चाला म्हणत नाही. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं चालण्यासारखी हालचाल आहेच, पण दोन दिवस ताकदीचा व्यायाम आणि तीन दिवस तोल सांभाळायचा, म्हणजे पडणं टळावं म्हणून. हे तोलाचं तर आपल्याकडे कुणी बोलतच नाही, खुबा मोडला की मग बोलतात.

आमच्याकडे सगळं ओट्याशीच चालतं. चहा उकळेपर्यंत ओटा धरून टाचा वर-खाली, मग एका पायावर उभं राहणं, आधी दोन्ही हात टेकून, मग एक हात, मग नुसतं बोट. खुर्चीतून उठबस, सुरुवातीला खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवली होती, उशी गेली तशी आता पोटाशी तांदळाची पिशवी धरतात, आधी एक किलोची, सध्या तीनची. फिजिओचा नियम एकच, शेवटच्या दोन-तीन वेळा जड वाटल्याच पाहिजेत, सहज जमायला लागलं की वजन वाढवा. गुडघा किंवा कंबर दुखली तर थांबायचं, मांड्या भरून आल्या तर चालतंय.

एक गोष्ट मात्र मला अजिबात माहीत नव्हती. मणक्याचं हाड विरळ असेल तर पुढे खोल वाकायचे प्रकार, पश्चिमोत्तानासन, पायाचे अंगठे धरणं, पोटासाठी उठून बसणं, हे त्रासाचं ठरू शकतं, वाकताना मणक्याच्या पुढच्या भागावर दाब येऊन मणका दबू शकतो. पाठ ताठ करणारे, मागच्या स्नायूंचे प्रकार त्यापेक्षा बरे. आईंच्या योगा क्लासमध्ये हे सांगितल्यावर बाईंनी लगेच बदल करून दिला, पण टी-स्कोअर किती असं आधी कुणाला विचारलेलंच नव्हतं.

आणि खाणं. सकाळी चहा-खारी, दुपारी भात आणि पातळ वरण, रात्री "भूक नाही" म्हणून दूधभात, चतुर्थीला साबुदाणा, यात प्रोटीन कुठून येणार? म्हाताऱ्या माणसांना किलोमागे १ ते १.२ ग्रॅम तरी हवं म्हणतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम. वाटीभर वरणात सहा-सात ग्रॅम, अंड्यात सहा. आई अंडं खात नाहीत, म्हणून घट्ट वरण, पनीर, दही, मटकीची उसळ, उपासाला मूठभर शेंगदाणे असं जुळवतोय. (किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरांना विचारूनच.)

आता आई भाजीला एकट्या जातात आणि येताना पिशवी दोन्ही हातांत वाटून आणतात. लिफ्टपाशी वॉचमन धावतो पिशवी घ्यायला, त्याला सांगून ठेवलंय.

सासरे अजून "मला काय धाड भरलीये" गटात आहेत. रविवारी नातवाने पैज लावून त्यांनाही खुर्चीवर बसवलं, मोबाईलवर ३० सेकंद लावले. आकडा इथे लिहीत नाही, ते हा ब्लॉग वाचतात. पण फिजिओची अपॉइंटमेंट त्यांनी स्वतः फोन करून घेतली आहे.