वीट फुगते, फायबर आकसतं : आमची वाटचाल

आमचा धंदा कारखान्यांतल्या भट्ट्यांना आतून अस्तर लावायचा. पण आमच्या आबांनी भट्टीच्या आधी गुऱ्हाळांची चुलवाणं बांधली. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावांत दिवाळीच्या आगेमागे गुऱ्हाळं पेटायची, त्याआधी महिनाभर आबा थापी आणि ओळंबा पिशवीत टाकून बाहेर पडलेले असायचे. काहिलीखालचा जाळ कुठून शिरतो, कुठं वळतो आणि धुराड्याकडं कसा ओढला जातो, हे त्यांना कुणी कागदावर काढून शिकवलं नव्हतं. गुळव्याला पाक उतरायची वेळ कळते तसं यांना जाळाच्या आवाजावरून कळायचं. "हितनं वारं खातंय. दरज उघडलीय बघ." आणि दरज खरंच उघडलेली असायची.

एका गुऱ्हाळमालकाचे मेहुणे कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात फौंड्री चालवायचे. त्यांच्या कपोल्याचा, म्हणजे लोखंड वितळवायच्या उभ्या भट्टीचा, गवंडी अचानक काम सोडून गेला आणि आबांना बोलावणं आलं. चुलवाणात चिपाडाचा जाळ, इथं कोकचा. तिथं उसाचा रस, इथं लोखंडाचा. रस हा शब्द मात्र दोन्हीकडं तोच, याची आबांना शेवटपर्यंत गंमत वाटायची. आदल्या दिवशी ओतकाम झालं की कपोल्याचा तळ उघडून सगळं खाली पाडायचं, आणि सकाळी अंग चोरून आत उतरायचं. छिन्नीनं चिकटलेली मळी खरवडायची, खाल्लेल्या जागी फायरक्लेचा, म्हणजे जाळ सोसणाऱ्या मातीचा, लगदा थापायचा. आत उभं राहायला जेमतेम जागा. वर बघितलं तर ताटाएवढं आभाळ. मी सातवीत असताना एकदा त्यांचा डबा घेऊन गेलो होतो. आबा बाहेर आले तेव्हा फक्त डोळे ओळखू आले.

पुढं कपोले कमी होत गेले, विजेवरच्या इंडक्शन भट्ट्या आल्या. त्यांचं रॅमिंग, म्हणजे आत कोरडा मसाला ठोकून अस्तर बसवणं, बहुतेक फौंड्र्यांतली माणसं स्वतःच करतात, त्यामुळं त्यात आम्हाला फार काम उरलं नाही. आम्ही वळलो हीट ट्रीटमेंटच्या भट्ट्यांकडं. शिरोली, गोकुळ शिरगाव, नंतर कागल-हातकणंगले, या पट्ट्यात कास्टिंग आणि फोर्जिंग करणारे इतके की त्यांचा माल तापवून मऊ करणाऱ्या, कडक करणाऱ्या भट्ट्याही तेवढ्याच. मी आयटीआय करून वेल्डर झालो होतो. दुसऱ्याच्या शेडमध्ये ग्रिल आणि गेट वेल्डिंग करत होतो. आबांना पत्र्याचं काम करणारा माणूस हवा होता, मला रोजचा पगार देणारा माणूस हवा होता. दोघांची गरज एकाच घरात भागली, एवढीच आमच्या फर्मची स्थापना. बोर्ड दोन वर्षांनी लागला.

फायर ब्रिकचं, म्हणजे जाळ सोसणाऱ्या विटेचं, काम मी आबांकडूनच शिकलो. २३० गुणिले ११५ गुणिले ७५ मिलिमीटरची वीट, वजन चार किलोच्या आसपास. मॉर्टर ताकासारखं पातळ कालवायचं, वीट त्यात बुडवायची, बसवायची आणि लाकडी हातोडीनं ठोकायची. घराच्या भिंतीत बोटभर सांधा चालतो, इथं दीड-दोन मिलिमीटरच्या वर गेला की आबा वीट काढायला लावायचे, कारण भट्टीत आधी सांधा मरतो, वीट नंतर. पण तेच आबा दर काही फुटांवर मुद्दाम एक मोकळी फट ठेवायचे. मला आधी हे उलटंच वाटलं. ते म्हणाले, "आरं, तापली की वीट फुगती. तिला जागा न्हाई दिलीस तर ती भितीलाच ढकलणार." हिशेब नंतर कळला. फायरक्लेची वीट हजार अंशांना मीटरमागं पाच-सहा मिलिमीटर वाढते. चार मीटरच्या भिंतीला दोन सेंटिमीटर. ती फट ठेवली नाही म्हणून पोट काढून आत झुकलेली भिंत मी एका जागी बघितली आहे. बांधणारे आम्ही नव्हतो, पाडायला मात्र आम्हाला बोलावलं.

ही फट आमच्या हाडात इतकी मुरली की तिनंच आम्हाला पहिला दणका दिला.

२००६ च्या सुमाराला एका गिऱ्हाइकानं विचारलं, सिरॅमिक फायबरचे मॉड्यूल लावता का? मी न बघताच हो म्हणालो. सिरॅमिक फायबर म्हणजे जाळ सोसणारे कापसासारखे तंतू, आणि मॉड्यूल म्हणजे त्यांच्या ब्लँकेटच्या घड्या दाबून, पट्ट्यांनी आवळून केलेला एक फूट चौरस गठ्ठा. लांबून बघितला तर पांढरी जाड लादी. हातात घेतला आणि मला हसूच आलं. नऊ इंची विटेच्या भिंतीत जिथं दहा विटा लागतात तेवढी जागा हा एकटा भरतो, आणि वजन साधारण एका विटेएवढं. विटेची भट्टी रोज बंद-चालू केली तर अर्धं इंधन त्या भिंतीच तापवण्यात जातं. फायबर उष्णता साठवतच नाही म्हटलं तरी चालेल, त्यामुळं भट्टी भराभर तापते. गिऱ्हाइकाला तेच हवं होतं.

पत्रा घासून आम्ही त्यावर स्टेनलेसचे स्टड, म्हणजे आटे पाडलेल्या सळ्या, वेल्ड केले, एकेक गठ्ठा स्टडवर चढवला आणि मधल्या भोकातून लांब पाना घालून नट आवळला. गठ्ठा बसला की लगेच त्याच्या पट्ट्या कापायच्या आणि शेजारी दुसरा. शिवाय आबांच्या शिस्तीनं दोन गठ्ठ्यांच्या मध्ये थोडी थोडी जागा. पट्टी कापल्यावर गठ्ठा फुगायचा आणि ती जागा भरून जायची, म्हणून दिसायला एकदम सफाईदार. गिऱ्हाईक खूश, आम्हीही. तीन दिवसांत भट्टी तयार, विटेत हेच काम पंधरा दिवसांचं.

आठव्या-नवव्या दिवशी रात्री साडेअकराला फोन आला. "मिस्त्री, बाहेरचा रंग करपायलाय."

सकाळी भट्टी थंड झाल्यावर आम्ही आत गेलो. दोन गठ्ठ्यांमध्ये अंगठा जाईल एवढ्या फटी पडल्या होत्या, आणि काही ठिकाणी त्यातून थेट मागचा पत्रा दिसत होता. माझा जीव पायात गेला. आबांनी एका फटीत बोट घातलं, वरपासून खालपर्यंत फिरवलं, आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "ही आकसती व्हय? मग हिला जागा कशाला दिली आपण? हिला तर दाबून बसवाय पाहिजे."

हे पुस्तकातलं वाक्य मी नंतर वाचलं, पण आधी आबांच्या तोंडून ऐकलं. वीट तापली की वाढते, फायबर तापलं की आक्रसतं. खूप तापवत राहिलं तर शंभरात दोन-तीन टक्के. त्यावर उपाय एकच. गठ्ठे आवळलेल्या अवस्थेतच शेजारी शेजारी घट्ट रचायचे, पूर्ण भिंत झाल्यावर शेवटी सगळ्यांच्या पट्ट्या एकदम कापायच्या. मग सगळे मिळून एकमेकांना रेटतात आणि आक्रसायला लागले तरी फट पडत नाही. घड्या ज्या दिशेनं दाबलेल्या असतात त्या दिशेला गठ्ठा फुगतो, आडव्या दिशेला फुगत नाही. म्हणून एक तर शेजारचा गठ्ठा काटकोनात फिरवायचा, नाहीतर दोन ओळींच्या मध्ये ब्लँकेटची घडी दाबून घालायची. आम्ही यातलं काहीच केलं नव्हतं.

ती अख्खी भट्टी आम्ही स्वखर्चानं पुन्हा केली. माल अर्धा वाया गेला, आईची पाटली सोसायटीत गहाण गेली. गिऱ्हाइकानं एक शब्द वाकडा काढला नाही. उलट त्याच माणसानं पुढच्या दोन भट्ट्या आम्हालाच दिल्या. त्यांचं म्हणणं, "एकदा चुकलेला माणूस माझ्याकडं पुन्हा तीच चूक करणार नाही, नवीन माणूस पहिल्यापासून करेल."

तेव्हापासून आमच्याकडं स्टडला फार भाव आहे. पत्र्यावर गंज किंवा रंग राहिला तर वेल्ड वरवर धरतो. प्रत्येक स्टड हातोडीनं वाजवायचा, काही वाकवून बघायचे. बद्द आवाज आला की कापून नवा लावायचा. छताला तर जास्तच, कारण तिथला गठ्ठा सैल झाला तर तो खाली मालावर येतो. नट आवळताना पाना हातात सांगतो, बसला की नाही ते. मी पोरांना सांगतो की कान आणि मनगट, दोन्ही लक्षात ठेवा. यात एकदा आमची फसवणूकही झाली. एका पुरवठादारानं जास्त उष्णता सोसणाऱ्या ३१० ग्रेडच्या स्टेनलेसच्या नावाखाली हलक्या ३०४ चे अँकर, म्हणजे अस्तर धरून ठेवणारे आकडे, गळ्यात मारले. चुंबक लावून बघितलं, चिकटलं नाही, आम्ही निर्धास्त. पण चुंबक दोन्हीला चिकटत नाही! वर्षभरात टोकं करपून भुगा झाली. आता प्रत्येक खेपेचा तुकडा लॅबमध्ये जातो. तपासणीचा खर्च मी कोटेशनमध्येच धरतो आणि त्यावरून घासाघीस झाली तर काम सोडतो.

सगळीकडं फायबरच लावा म्हणणाऱ्यांवर मात्र माझा विश्वास नाही. बोगीच्या, म्हणजे माल भट्टीत नेणाऱ्या चाकांच्या गाडीच्या, तळाला माल आदळतो, तिथं वीट किंवा कास्टेबल, म्हणजे पाण्यात कालवून ओतायचा जाळ सोसणारा मसालाच हवा. बर्नरची ज्योत जोरात घासते तिथं फायबर झिजतं, वितळलेल्या धातूचे शिंतोडे तर त्याला चालतच नाहीत. आणि अंगाला ते खाजकुयलीसारखं. सुरुवातीची वर्षं आम्ही तोंडाला नुसता रुमाल बांधून काम केलं, आज ते आठवलं की स्वतःवर राग येतो. हे तंतू श्वासातून फुफ्फुसात जातात, युरोपात त्यांची नोंद कर्करोगाचा धोका असलेल्या पदार्थांत आहे. वापरून जुनं झालेलं फायबर त्याहून वाईट, कारण तापून तापून त्यात सिलिकाचे स्फटिक तयार होतात. म्हणून जुनं लाइनिंग उतरवताना आधी पाणी फवारायचं, बरोबर मापाचा मास्क, अंगभर कपडे, आणि ते कपडे घरी न्यायचे नाहीत. नवी पोरं कंटाळतात. मास्क काढलेला दिसला की त्या दिवसाची हजेरी जाते, हा नियम मला कुणाच्या शिव्या खाऊनही बदलायचा नाही.

कास्टेबलचा विषय निघाला की मी जरा जास्त बोलतो, घरचे म्हणतात. ते काँक्रीटसारखं दिसतं म्हणून सगळ्यांना सोपं वाटतं. पाणी पोत्यावर लिहिलंय तेवढंच, पिण्याचं, मोजून. काम सोपं व्हावं म्हणून एखादा हळूच मगभर पाणी वाढवतो आणि तिथंच ताकद जाते. अँकरच्या टोकांना प्लास्टिकच्या टोप्या घालायच्या, कारण स्टील कास्टेबलपेक्षा जास्त वाढतं. टोपी जळून गेली की त्याला तेवढी जागा मिळते. (पुन्हा जागाच. आबा असते तर हसले असते.) पण खरी लढाई भट्टी पेटवताना. आतल्या पाण्याची वाफ होते तेव्हा ती सोळाशे-सतराशे पट जागा मागते. म्हणून ११० अंशांच्या आसपास थांबायचं, मग तासाला वीस-पंचवीस अंशांनी चढायचं, पुन्हा थांबायचं. गिऱ्हाइकाच्या डोक्यात डिस्पॅचची तारीख असते. एका कारखान्यात रात्रपाळीच्या माणसानं आमचा तक्ता बाजूला ठेवून बर्नर मोठा केला. फटाक्यासारखे आवाज होत भिंतीची ढलपीच्या ढलपी उडाली. नशीब, समोर कुणी नव्हतं. त्यानंतर भट्टी वाळवताना आमचा एक माणूस तिथं झोपतो. झोपतो म्हणजे, झोपत नाही.

२०१९ चा ऑगस्ट आम्हाला वेगळ्या पाण्यानं शिकवून गेला. शाहूपुरीतल्या आमच्या गोडाऊनमध्ये पंचगंगेचं पाणी छातीपर्यंत होतं, हायवे शिरोलीजवळ बंद, माझी अर्धी माणसं आपापल्या गावांत अडकलेली. पाणी उतरल्यावर कास्टेबलची पोती दगड होऊन बसली होती. फायबरचे बॉक्स पाणी पिऊन चौघांना उचलत नव्हते. विटा तेवढ्या धुऊन, उन्हात वाळवून वापरता आल्या. पण त्याच महिन्यात भिजलेल्या भट्ट्यांचे इतके फोन आले की गोडाऊनचं दुःख करायला वेळ मिळाला नाही. प्रत्येकाला सांगायला लागायचं, पाडू नका, पेटवूही नका, आधी आम्हाला बघू द्या. बऱ्याच भिंती सावकाश वाळवून वाचल्या. गोडाऊन आता उंचावर, गोकुळ शिरगावला आहे. भाडं दीडपट.

बाकी धंद्याच्या अडचणी सगळ्यांच्या असतात तशाच. छोट्या उद्योगाला ४५ दिवसांत पैसे द्यायचे असा कायदा आहे. मी तो एका मोठ्या गिऱ्हाइकाला सांगितला तेव्हा त्यांच्या अकाउंटंटनं मला चहा पाजला. पैसे चार महिन्यांनी दिले.

आमची खरी धावपळ दिवाळीत. कारखाने चार-सहा दिवस बंद असतात, तेवढ्यात भट्ट्या उतरवून नव्या करायच्या. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत मी पाडव्याला एका भट्टीच्या छताखाली उताणा पडून नट आवळत होतो. बायकोनं ते अजून माफ केलेलं नाही. माणसं मिळणंही त्यामुळंच अवघड, सणाला घर सोडणारा गवंडी आता दुर्मीळ. सध्या आम्ही अकरा जण आहोत. त्यातले तिघे आबांच्या हाताखाली तयार झालेले, आणि त्यांच्या भिंतीवर मी ओळंबा लावत नाही.

आबा २०२१ ला गेले. शेवटच्या वर्षी डोळ्यांना कमी दिसायचं, तरी काम झालं की भट्टीजवळ नेऊन उभं करा म्हणायचे. पत्र्याला हात लावायचे, पुढं सरकायचे, पुन्हा लावायचे. थोरली मुलगी आता इंजिनिअर होऊन आमच्यातच आली आहे. तिनं उष्णता दाखवणारा कॅमेरा घ्यायला लावला, पत्र्यावरचा प्रत्येक डाग त्यात पिवळा-लाल दिसतो. मागच्या महिन्यात कागलला एका भट्टीच्या दाराच्या वरच्या कोपऱ्यात असाच एक लाल ठिपका निघाला. तिनं फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, "बाबा, हितनं वारं खातंय."

मी गाडी काढली. कोपऱ्यातली घडी कुणीतरी दाबून घालायची विसरलं होतं.