संक्रांतीची बावीस कार्डं आणि एक ऱ्हस्व उकार

तर मशीन घेतलं एकदाचं. डाय कटिंगचं, म्हणजे धारदार साचा (डाय) दाबून कागदाचे आकार कापायचं. खोकं उघडल्याबरोबर नवऱ्याने डोकावून विचारलं, "उसाचा रस विकणारेस का आता?" आणि त्याचं काही चुकलं नाही, दिसायला तो चरकच आहे, दोन रोलर, बाजूला हँडल, फक्त घुंगरू नाहीत.

तीन वर्षं झाली मी घरी भेटकार्डं बनवतेय, शिक्के मारायचे आणि वॉटरकलर भरायचे, आणि कापाकापी सगळी कात्रीवर. पण मागच्या संक्रांतीला चाळीस पतंग कात्रीने कापले आणि अंगठ्याला जो फोड आला तो महाशिवरात्रीपर्यंत टिकला, तेव्हाच ठरवलं होतं की पुढच्या वर्षी मशीन.

संक्रांतच का, असं सगळे विचारतात. कारण लहानपणी आमच्याकडे जानेवारीत पोस्टाने पाकिटं यायची, आत छोटं कार्ड, त्याला चिकटवलेली बोटभर प्लास्टिकची पुडी आणि पुडीत हलव्याचे सात-आठ दाणे. निम्मे फुटलेले, कारण पोस्टातला शिक्का पाकिटावर दणकन बसायचा आणि तो नेमका हलव्यावरच. तो चुरा मी आणि भाऊ बोट ओलं करून खायचो. मला ते पाकीट परत कोणाच्या तरी दारात टाकायचं होतं, बाकी काही नाही.

आता या छंदातली मोठी पंचाईत अशी की सगळं सामान दुसऱ्याच्या सणाचं असतं. शिक्क्यांचे सेट बघा, बर्फ, रेनडिअर, भोपळे, मोजे. डाय बघा, परत बर्फ. सुगड कुठे मिळणार? बोहरी आळीत आणि अप्पा बळवंत चौकात पायाचे तुकडे पडेपर्यंत फिरले, एका दुकानदाराने तर "ताई, ही बेल घ्या, उलटी केली की मडकं दिसतं" असा सल्ला दिला. (घेतली नाही. घरी येऊन मनातल्या मनात उलटी करून बघितली, खरंच दिसतं.) शेवटी पतंगाचा आणि साध्या गोलांचा डाय घेतला आणि बाकीचे शिक्के स्वतः कोरायचे ठरवलं.

पण आधी शाईचं सांगते, कारण नवीन लोक हमखास तिथेच आपटतात आणि मीही आपटले होते. पहिल्या वर्षी घरात जे ऑफिसचं स्टॅम्प पॅड होतं तेच वापरलं. शिक्का काय सुंदर उठला! मग ब्रश पाण्यात बुडवला, पतंगात पिवळा भरायला गेले, आणि बघता बघता काळी रेघ सुटून पिवळ्यात उतरली, पतंगाचा झाला ढग, तोही पावसाळी. ती शाई पाण्यात सुटणारी, डाय बेस्ड (हा डाय वेगळा, साचा नव्हे, विरघळणारा रंग). वॉटरकलर भरायचा असेल तर वाळल्यावर पाण्याला दाद न देणारी शाई लागते, पिगमेंट किंवा आर्काइव्हल, आणि तीही नीट वाळू द्यायची, पाच मिनिटांनी बोट लावून "वाळली वाटतं" असं नाही.

दुसरा उपाय मला जास्त आवडतो, हीट एम्बॉसिंग. शिक्का चिकट पारदर्शक शाईत बुडवून मारायचा, वर एम्बॉसिंग पावडर भुरभुरवायची, जास्तीची झटकून परत बाटलीत, आणि खालून किंवा बाजूने हीट गन धरायची. दहा-पंधरा सेकंद काही होत नाही. मग एका कोपऱ्यातली पावडर अचानक चमकते आणि ती चमक रेघेवरून पळत सुटते, पाघळलेल्या तुपासारखी. मी शेकडो वेळा केलंय तरी दर वेळी श्वास रोखून बघते. रेघ गार झाली की उंच होते, तिचा बांध तयार होतो, आणि मग शेतात पाणी सोडल्यासारखा रंग आतच राहतो. केसांचा ड्रायर चालत नाही हं, तो तितका तापत नाही आणि वाऱ्याने पावडर उडवून देतो, आमच्या ओट्यावर अजून चंदेरी कण सापडतात. आणि शिक्का मारायच्या आधी कागदावर टाल्कम पावडरची पुरचुंडी हलकेच फिरवायची, नाहीतर हाताच्या घामावर एम्बॉसिंग पावडर चिकटते आणि कार्डाला कोंडा झाल्यासारखं दिसतं.

याच पावडरीने यंदाचं पहिलं डिझाइन सुचलं. काळ्या कार्डस्टॉकवर पांढरी पावडर वितळवत होते, नुसते टिंब टिंब मारून बघत होते, आणि लक्षात आलं की अरे हे तर हलव्याचे दागिने! काळी चंद्रकळा आणि त्यावर पांढरा हलवा. पेन्सिलच्या मागच्या रबराला शाई लावून टिंबांचा हार मारला, मग बारीक टिंबांची नथ. वितळलेली पावडर जरा खडबडीत राहिली, जी एरवी चूक समजतात, पण हलव्याला काटे असतातच की. पाकापेक्षा सोपं काम. हलवा करणारी बाई परातीत बोटांनी तीळ फिरवत तासन् तास बसते, तिच्या मानाने मी फसवणूकच केली म्हणायची.

दुसरं डिझाइन सुगडाचं. यासाठी ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, कोल्ड प्रेस (दाणेदार) कागद घेतला. यापेक्षा पातळ घेतला तर पाणी लागल्यावर पापडासारखा वळतो. पण याच्या दाणेदार पृष्ठभागावर शिक्का अर्धवट उठतो, खळग्यांत शाई पोचत नाही, म्हणून मी कागदाची त्यातल्या त्यात गुळगुळीत बाजू घेते आणि खाली जुना माऊसपॅड ठेवून दाबते. रंग म्हणाल तर कॅम्लिनच्याच ट्यूब. दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरुवात केली त्या कंपनीचे रंग आमच्या तीन पिढ्यांनी चित्रकलेच्या तासाला वापरले, बाहेरचे महागडे रंग घेऊन बघितले एकदा, छान होते, पण जीव मुठीत धरून रंगवत बसायला मला जमत नाही.

सुगडाला बर्न्ट सिएना, म्हणजे तांबूस तपकिरी. आधी नुसतं स्वच्छ पाणी फिरवायचं मडक्यावर, डाव्या बाजूला बोराएवढी जागा कोरडी सोडून. मग उजव्या कडेला गडद रंगाचं एकच टोक टेकवायचं आणि हात मागे घ्यायचा. रंग आपोआप पाण्यातून डावीकडे सरकतो, फिका होत होत कोरड्या जागेशी थांबतो, आणि मडकं गोल होतं. इथे ब्रश परत लावायचा नाही! मला कळतं पण वळत नाही, मी लावतेच, मग फुलकोबीसारखे डाग पडतात. पहिल्या दहातली सहा सुगडं अशी गेली. वर हरभऱ्याचे घाटे, गाजराचा तुकडा, उसाचं कांडं, बोरं, हे सगळं मात्र मजेत होतं, दोन फटकाऱ्यांत.

तसं हे काही नवीन नाही. लंडनमध्ये १८४३ साली हेन्री कोलने नाताळचं पहिलं छापील कार्ड काढलं, जॉन हॉर्स्लीकडून चित्र काढून घेतलं, हजारेक प्रती, किंमत एक शिलिंग. ते कार्डही असंच, रेघा शिळाछापावर छापलेल्या आणि रंग माणसांनी हाताने भरलेले. हजार! मी बावीसला मान धरून बसले. आणि बहुतेक त्यांना रंग भरताना कोणी "चहा ठेवतेस का" असं विचारत नसणार.

आता हलवा. प्लास्टिकच्या पुडीऐवजी शेकर कार्ड करायचं डोक्यात होतं, म्हणजे कार्डाला गोल खिडकी कापायची, मागून पारदर्शक शीट लावायची, कडेने फोम टेपची भिंत आणि आत हलणारं काहीतरी. गोल डाय चरकातून काढला, कागद जाड म्हणून दोनदा फिरवावा लागला, दुसऱ्यांदा आडवा करून. मधे कर्रर्र असा भयानक आवाज येतो, तो नॉर्मल आहे, घाबरायचं नाही. खिडकीत खरा हलवा घातला तर दाणा जाड, फोमचे तीन थर, कार्डाचं झालं सँडविच. म्हणून हलवा रद्द, नुसते पांढरे तीळ. आधी भाजलेले घातले (सवय!) तर दोन दिवसांत शीटला तेलाचे डाग. कच्चे घातले तर ते स्थिर विजेने शीटला चिकटून बसले, कार्ड हलवलं तरी ढिम्म. परत टाल्कम पावडर, शीटला आतून आणि फोमच्या चिकट कडांनाही. मग मात्र तीळ असे सळसळले की मी एकटीच स्वयंपाकघरात उभी राहून दहा मिनिटं कार्ड हलवत होते. पाकिटासकट वजन ३१ ग्रॅम भरलं, म्हणजे पाच रुपयांच्या तिकिटात जाणार नाही, दहाची लावायची.

राहिला मजकूर. तिळगूळ घ्या, गोड बोला. छापील फॉन्ट मला नको होता, स्वतःच्या अक्षरात हवा होता, म्हणून कार्व्हिंगच्या मऊ रबरावर कोरायला घेतला. शिक्का उलटा कोरावा लागतो हे सगळ्यांना माहीत असतं. पद्धत सोपी आहे, बटर पेपरवर मऊ पेन्सिलीने सुलटं लिहायचं, कागद रबरावर पालथा घालायचा, चमच्याच्या पाठीने घासायचं, अक्षरं उलटी उमटतात. मग व्ही आकाराच्या कटरने कोरायचं, अक्षर ठेवून आजूबाजूचं काढायचं. तासभर जीभ दातात धरून कोरलं. मधे एके ठिकाणी पेन्सिल पुसट उमटली होती, तिथे मी रबरावरच हाताने गिरवून घेतलं. पाठोपाठ बावीस कार्डं छापली. वाळत घातली. शिक्का टिश्यूवर ठेवून आंघोळीला गेले.

बाहेर आले तर बाबा टेबलाशी. बाबा म्हणजे माझे वडील, सध्या आमच्याकडेच असतात. चौतीस वर्षं छापखान्यात कंपोझिटर होते, खिळे, म्हणजे छपाईची उलटी धातूची अक्षरं, जुळवायचे. कार्डांकडे त्यांनी बघितलंच नव्हतं. शिक्का उचलला होता, आणि तोही डोकं खाली पाय वर असा धरला होता. मला वाटलं चष्मा नाही म्हणून.

"अगं, गूळ ऱ्हस्व केलास?"

मी म्हटलं, "बाबा, उलटा धरलाय तुम्ही, आणि मुळात शिक्का उलटाच असतो, कसं कळतंय तुम्हाला?"

"आम्ही असंच वाचायचो. डोक्यावर धरलं की डावीकडून उजवीकडे लागतं. आमच्यासाठी हेच सुलटं." आणि अंगठ्याचं नख ग च्या पायाशी नेऊन ठेवलं.

पुसट उमटलं होतं ते नेमकं तिथेच. तेवढ्या एका ठिकाणी मी सवयीने सुलटा दीर्घ उकार गिरवला, आणि तो कागदावर उलटून ऱ्हस्व झाला. बाकीची सगळी अक्षरं बरोब्बर उलटी आणि हा एकटा सरळ. बावीस कार्डांवर तिळगुळ. आणि यादीत पहिलं नाव कोणाचं, तर माझ्या मावशीचं, जिने तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं आणि जी लग्नपत्रिकांवरच्या चुका लाल पेनाने दुरुस्त करून परत पाठवते.

मी म्हटलं नवीन कोरते. बाबा म्हणाले, "एका खिळ्यासाठी अख्खं पान मोडतात का?" ब्लेड मागितलं. गेल्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, हात थोडा थरथरतो, मी म्हटलं बाबा मी करते, तर माझ्याकडे असं बघितलं की मी चहा ठेवायला गेले. त्यांनी ग खालचा उकार मुळापासून चौकोनी कापून काढला, तेवढ्याच मापाचा रबराचा तुकडा घेतला, त्यावर दीर्घ उकार कोरला, न लिहिता, थेट उलटा, आणि त्या खाचेत बसवला. फेविक्विकचा एक थेंब. मग कोऱ्या कागदावर छापून बघितलं, म्हणाले "जरा वर आलाय", परत काढून मागून एक पापुद्रा तासला. दुसऱ्या प्रुफाला पास केलं.

बावीस कार्डांचं काय केलं, तर पुढचा मजकुराचा तुकडाच नवीन छापून पतंगाच्या डायने कापला आणि जुन्यावर चिकटवला. त्यात दोन दिवस गेले आणि संक्रांत गाठता आली नाही, पण रथसप्तमीपर्यंत तिळगूळ चालतो, तेव्हा पोस्टात टाकताना मनाला काही लागलं नाही. मावशीचा फोन आला, तीळ छान वाजतात म्हणाली, आणि मग, "पत्त्यात सदाशिव बरोबर लिहिलंयस, हल्ली लोक शि दीर्घ काढतात."

तो कापून काढलेला उकार मी कचऱ्यात टाकत होते. बाबांनी हातातून घेतला, माझ्या मण्यांच्या डबीतला एक रिकामा कप्पा बघितला आणि त्यात ठेवला. "राहू दे," म्हणाले, "ऱ्हस्वही लागतो."